काळ्या लोकरीचे पाच पांडव

आमच्या संघटनेत पत्रक लिहायचा एक नियम आहे. आधी प्रश्न मांडायचा, मग त्याचं कारण, आणि कागद संपायच्या आत दोषी कोण ते सांगून टाकायचं. दोषी सापडत नसेल तर पत्रक अजून लिहून झालेलं नाही, असं मला शिकवलेलं आहे. गेल्या येळवशीला जे झालं ते मी तीनदा लिहायला बसले आणि तिन्ही वेळा शेवटाजवळ येऊन अडकले. म्हणून पत्रक राहू दे. जसं झालं तसं लिहिते.

सुरुवात रागातून झाली. माझी बहुतेक कामं रागातूनच सुरू होतात. दिवाळीनंतर तेरहून पुढं जाणाऱ्या एसटीत बसले होते, तर खिडकीतून रस्त्याकडेला लोकरीचे ढीग दिसले. काळी, दवानं भिजलेली लोकर, चक्क टाकून दिलेली. पुढच्या थांब्यावर उतरून मागं चालत गेले. मेंढरं राखणारा म्हातारा लिंबाखाली बसला होता. ही लोकर अशी टाकता कशी, असं मी त्याला विचारलं. त्यानं सांगितलं की घोंगडं विणणारे राहिले नाहीत, घेणारा कुणी येत नाही, आणि कातरली नाही तर मेंढराच्या अंगात गोचीड होते. मग मी त्याला बाजार, सरकार आणि परदेशी धागा यांच्याबद्दल बरंच ऐकवलं. त्यानं ते सगळं ऐकून घेतलं. मग उठून एक पोतं भरलं आणि माझ्यापुढं आणून टेकवलं.

"एवढा कळवळा हाय तर न्या की," म्हणाला.

न्यावंच लागलं. परतीच्या एसटीत कंडक्टर म्हणाला, तुमचं तिकीट घेतलंत, मेंढराचं कोण घेणार? मला हसू आलं नाही. पोत्याला वास होताच, पण त्यात हसण्यासारखं काय आहे हे मला तेव्हाही कळलं नाही.

या लोकरीचं करायचं काय ते मोबाईलवर सापडलं. थंडीच्या देशात लोक लोकरीचा गोळा घेतात आणि खाचा पाडलेल्या बारीक सुईनं तो टोचत राहतात. दोरा नाही, शिवण नाही. टोचता टोचता लोकरीचे तंतू एकमेकांत अडकतात, गोळा आवळत जातो, घट्ट होतो, आणि त्याला हवा तो आकार येतो. सणाच्या दिवसांत लहान मुलं अशी सजावट करून घरात टांगतात. मी तशा सुया मागवल्या. डझनभर होत्या, त्यातली एक माझी मीच शिकताना मोडली. या सुया काचेसारख्या असतात. तिरक्या गेल्या की टोक आत राहतं आणि बूड हातात.

शाळा ठरवायला वेळ लागला नाही. तेरच्या पुढं एक गाव आहे, तिथल्या सरांशी ओळख होती, कारण श्रावणात आम्ही त्याच गावात अंधश्रद्धेविरुद्ध घरोघर पत्रक वाटलं होतं. करणी, भानामती, मूठ मारणं, सगळ्यांचा समाचार घेतलेला. मजकूर माझा आणि चित्रही माझंच. काळी बाहुली, तिच्या अंगात टाचण्या, आणि खाली ठळक अक्षरांत: बाहुलीला टोचल्यानं माणसाला काही होत नाही. चित्र फार चांगलं आलंय असं संघटनेत सगळे म्हणाले होते.

सरांनी कार्यानुभवाचे तास देऊ केले. त्यांची अट एकच होती. सुया मोजून द्यायच्या आणि मोजून परत घ्यायच्या. सुया अकरा आणि पोरं एकोणीस, म्हणून मी त्यात माझी एक अट वाढवली. पहिल्याच दिवशी फळ्यापाशी उभी राहून सांगितलं, ज्याच्या हातून सुई मोडेल तो वर्गाबाहेर. मोठ्यानं सांगितलं. मला वाटलं शिस्त लागेल.

पोरांना मोबाईलवर बर्फातली झाडं आणि पांढऱ्या दाढीचा म्हातारा दाखवला. ती जरा वेळ बघत राहिली. मग एकानं विचारलं, "ताई, ह्येला थंडी वाजायली तर घोंगडं का घेत न्हाय?" दुसरा म्हणाला, आपल्या सणाचं काहीतरी करू. सण कुठला येतोय? तर येळवस.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. धाराशिव जिल्ह्यात त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळं गाव रानात. ज्वारीच्या कडब्याच्या पाच पेंढ्या उभ्या करून कोप करतात. तिच्यात चुना लावलेले पाच दगड मांडतात, ते पांडव. त्यांची पूजा करायची, रानात आंबील शिंपायची, आणि मग भज्जी, उंडे, खीर, धपाटे, पोट फुटेपर्यंत. ज्याला रान नाही त्यालाही हाक मारून बसवतात. त्या दिवशी कुणाला उपाशी जाऊ देत नाहीत.

पोरांनी ठरवलं, लोकरीचे पांडव करायचे. लोकर काळी होती, पांडव पांढरे लागतात, यावर बराच खल झाला. कुणी म्हणालं चुन्यात बुडवू. तेव्हा पाचवीतली एक मुलगी बोलली की आमच्या रानातले दगडपण काळेच हायत, चुना लावल्यावर पांढरे होत्यात, पण देव आधीच झालेले असत्यात. पुढं कुणी वाद घातला नाही.

ही मुलगी टोचायची तसं कुणालाच जमत नव्हतं. बाकीची पोरं भाजी चिरल्यासारखी सुई मारायची, बोटं टोचून घ्यायची, रक्त चोखायची, पुन्हा मारायची. ही जुन्या गादीतल्या स्पंजाच्या तुकड्यावर गोळा ठेवून सुई सरळ वर, सरळ खाली नेत राहायची. आमची लोकर जाड, राठ, वर तिच्यात गोखरू आणि कुसळं. तरी तिचे गोळे आठवड्याभरात दगडासारखे घट्ट झाले. हात चालू असताना ती माझ्याशी थोडंथोडं बोलायची. बापाची आणि चुलत्याची वाटणी झाली, मध्ये बांध पडला, विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून बोलणं बंद झालं. आधी रानात एकच कोप असायची, आता दोन असतात. तिच्या बोलण्यात विहीर फारशी यायची नाही. काकू यायची.

"पैलं काकूच माजी वेणी घालायची," ती एकदा म्हणाली. "आय पहाटं रानात जाती ना. मग आता केस कापले."

तिचे केस मानेपर्यंतच होते. कात्री घरातच चालवलेली दिसत होती, एक बाजू लांब, एक आखूड. या वाटणीवर माझं काय म्हणणं आहे ते मी तिला सांगायला लागले. जमिनीचे तुकडे, बाईला नसलेला हक्क वगैरे. ती टोचत राहिली. मग मध्येच तिनं विचारलं, पाच पांडव वेगवेगळ्या जागी ठेवले तर चालतं का? मी म्हटलं, चालतं की, दगड तो दगड, लोकर ती लोकर, कुठंही ठेव.

मला वाटलं, एका पोरीला तरी मोकळा विचार करायला शिकवलं.

येळवशीच्या आदल्या दिवशी पोरं आपापले पांडव घरी घेऊन गेली. मी सुया मोजल्या. अकरा भरल्या. एक सुई टोकाला आखूड होती हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मी मोजल्या, बघितल्या नाहीत.

सणाला त्या मुलीच्या बापानं सरांना आणि मला जेवायला बोलावलं होतं. सर त्यांच्या गावी मुरुमला गेले, मी एकटी गेले. कोपीत तिचे पांडव मांडलेले होते. दोन पानं भरून खाल्ल्यावर मला दिसलं की पांडव तीनच आहेत. विचारणार होते, तेवढ्यात बांधावर एक बाई येऊन उभी राहिली. तिच्या हातात चुलीचा चिमटा होता, लांब धरलेला, आणि चिमट्यात काहीतरी काळं.

ही तिची काकू. बांध ओलांडून ती आली नाही. जावेकडं किंवा दिराकडं तिनं बघितलंही नाही. ती थेट माझ्याशी बोलली.

"ताई, हे आमच्या कोपीत कुनी ठिवलं?"

चिमट्यात पांडव होता. दुसरा तिनं पळसाच्या पानावर घेतलेला होता. पहिल्याच्या पोटातून सुईचं टोक बाहेर आलेलं होतं, उन्हात चमकत होतं.

तिला काय वाटलंय ते मला लगेच कळलं आणि मी सुरू झाले. करणी असं काही नसतं, विज्ञानाच्या जमान्यात शिकलेल्या बायकांनी असं भ्यावं का, भीतीवर भोंदू कसे जगतात. उभी राहून बोलले, हात करून बोलले. पान माझ्यापुढं तसंच, माशा बसायला लागलेल्या. काय काय बोलले ते आठवलं की अजून कान तापतात. तिनं मला पूर्ण बोलू दिलं.

"व्हय," ती म्हणाली. "सावनात आलता तवाबी हेच सांगितलं तुमी. तवर मला लिंबू ठावं, मिरची ठावी. असली सुया टोचल्याली बाहुली असती, हे म्हाईतच न्हवतं. तुमच्या कागदावर बगितली. फडताळात डब्याखाली हातरलाय त्यो कागद. डबा उचलला की दिसती."



"आन हे दोन हायत," ती पुढं म्हणाली. "मला लेकरं दोन. धाकटं परवापासनं तापलंय. आता सांगा, म्या काय समजू?"

माझ्याकडं यावर पत्रक नव्हतं. तिच्या आवाजात भांडण असतं तर मला सोपं गेलं असतं. ती खरंच विचारत होती.  मला एकदम कळेना की मी कुणावर चिडलेय. हिच्यावर चिडावं तर हिला बाहुली मीच दाखवली. ठेवणारीवर चिडावं तर ठेवणारी कोण, ते मला आत्ता आत्ता उमगायला लागलं होतं.

मुलगी कोपीच्या मागून पुढं आली. जमिनीकडं बघत म्हणाली, "म्या ठिवले. सकाळी, तुमी याच्या आदी."

तिच्या आईनं हातातली पळी भांड्यात सोडली. बाप उठला आणि उभाच राहिला.

"आन सुई?" काकूनं विचारलं.

"मोडली. आतच ऱ्हायली. निगंना."

"मंग सांगायचं न्हाय व्हय गं?"

"सुई मोडली की ताई वर्गाच्या भाईर काढत्यात."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मला सांगायचं होतं की सुया अकराच आहेत, पोरं एकोणीस आहेत. 

काकूनं चिमटा खाली केला. दोनच का ठेवलेस, असं तिनं विचारलं, आणि या वेळी तिचा आवाज वेगळा होता, शेजारच्या पोराला विचारावं तसा. मुलीनं बोटानं आपल्या कोपीकडं दाखवलं.

"तीन हितं हायत. दोनच दिसले की पाच पुरे कराय तुमी हिकडं यासाल, आसं वाटलं." मग जरा थांबून स्वतःची बाजू सावरायला म्हणाली, "ताईला इचारलंतं म्या. कुटंबी ठिवले तर चालत्यात म्हनल्या."

इतका वेळ जी बाई भ्यालेली होती ती आता खरी संतापली.

"पांडव? कुटंबी ठिवले तर चालत्यात?" ती मला म्हणाली. "ताई, तुमी शिकल्याल्या. पांडव कदी वायले ठिवत असत्यात का? पाच म्हंजे पाच."

"तेच की," मुलीची आई चुलीपासून म्हणाली.

बापानंही मान हलवली. बांधापलीकडं चुलता येऊन उभा होता, तोही म्हणाला की असं कुठं असतं का. वाटणी झाल्यापासून ही दोन घरं एका गोष्टीवर एकमत झालेली मी पहिल्यांदा बघत होते, आणि ती गोष्ट म्हणजे माझी अक्कल. मला राग यायला हवा होता. हसूही येत होतं. दोन्हीतलं काहीच नीट येईना.

काकूनं सांगितलं, आधी ती सुई काढा. मुलीच्या आईनं विळा दिला. मी पांडवाचं पोट चिरलं. तिनं इतकं घट्ट टोचलेलं की विळासुद्धा घसरत होता. सुईचं टोक तांदळाच्या दोन दाण्यांएवढं निघालं. काकूनं ते तळहातावर घेऊन निरखलं. "एवडीशी," म्हणाली. मग बांधावरल्या दगडाखाली दाबून टाकलं, कुणाच्या पायात जाऊ नये म्हणून.

आता पाच एकत्र करायचे, पण कुठं?  काकू एवढंच म्हणाली की आमची कोप जरा मोठी बांधलीया. तिची जाऊ, म्हणजे मुलीची आई, म्हणाली, असंल, आमची भज्जी जरा गरम हाय. दोघी एकमेकींकडं न बघता बोलत होत्या. शेवटी मुलीनंच आपल्या कोपीतले तीन पांडव फ्रॉकच्या घोळात घेतले आणि ती बांधावर जाऊन उभी राहिली. बापाकडं बघत. बाप आभाळाकडं बघत होता. नको म्हणाला नाही.

"चल," काकू म्हणाली, "उंडे गार व्हायलेत." आणि मला म्हणाली, "तुमीबी चला. येळवशीचं कुनाला उपाशी लावत न्हाईत आमी."

मी दोन पानं जेवलेली होते. तरी गेले. तिथं तिसरं जेवले.

जेवण झाल्यावर काकूनं धाकट्याला मांडीवरून उठवलं, थोरल्याला हाक मारली आणि दोघांना कोपीपुढं बसवलं. चुलीजवळून मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या घेतल्या. मला कळलं, आता दृष्ट काढणार. माझ्या पिशवीत पत्रकाच्या पंचवीस-तीस प्रती होत्या. दृष्ट हा मुद्दा त्यात चौथा आहे. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती मागं वळून मुलीला म्हणाली, "तू का हुबी? बस की भावांसंगं."

मुलगी जाऊन त्या दोघांच्या शेजारी बसली. इतकी झटकन बसली की ती त्याच हाकेची वाट बघत होती हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

मी तोंड मिटलं.

"ताई, कागद हाय का एकांदा?" काकूनं विचारलं.

होता. पिशवीत दुसरा कागदच नव्हता. मी पत्रक काढून दिलं. तिनं बाहुलीचं चित्र बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि चित्र आतल्या बाजूला येईल अशी घडी घालून त्यात मीठ-मिरच्या बांधल्या. तीन डोक्यांवरून उतरवलं. चुलीत टाकलं. ठसका आला नाही तर दृष्ट मोठी होती असं समजतात. ती तिघांच्या तोंडाकडं बघत म्हणाली, बगा, कुनालाच ठसका न्हाय. मला तर धूर नाकात जाऊन जोराचा ठसका लागला होता, डोळ्यांतून पाणी आलं होतं. पण मी मोजण्यात नव्हते.

मग ती मुलीच्या मागं बसली आणि तिचे केस हातात धरून बघायला लागली. बांधापलीकडं ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "वेनी घालाय केसच ठिवले न्हाईत हिच्या आयनं. कातरलंय कसं बगा, मेंढरावानी." पलीकडून भांड्याचा आवाज जरा जोरात आला. 

परत येताना एसटीत मी हिशेब लावत बसले. माझ्या धमकीमुळं सुई आत राहिली. माझ्या चित्रामुळं ती करणी ठरली. माझ्या उत्तरामुळं पांडव दोन जागी गेले. आणि एवढं सगळं माझ्यामुळं झालं म्हणून ती पोरगी बांध ओलांडून गेली, हे धरायचं की नाही? तिथं जाऊन तिनं दृष्ट काढून घेतली, हे कुठं लिहायचं? संघटनेत विचारलं तर लोक दोन बाजूंनी बोलतात आणि दोन्ही बाजू मला पटतात. असं माझं आधी कधी होत नव्हतं. पत्रक पुन्हा छापायचं आहे. मजकुरातलं एक अक्षर खोटं नाही, त्यात बदल नको, असं मी सांगितलंय. चित्राचं विचारलं तेव्हा थांबा म्हटलं. अजून थांबलेलेच आहेत.

वर्गातला नियम तेवढा बदलला. सुई मोडली तर आधी सांगायचं, मग आपण दोघांनी मिळून ती शोधायची. आता जरा जास्त मोडतात.

संक्रांतीनंतर ती मुलगी वर्गात आली तेव्हा तिच्या डोक्यावर दोन बुचडे होते. केस पुरत नाहीत, तरी कुणीतरी ओढूनताणून, तेल चोपडून, लाल रबरात बसवलेले. कातडी इतकी ताणलेली की भुवया वर गेल्या होत्या. घरी अजून दोन चुली आहेत, पाण्याची पाळी अजून भांडणातच आहे, ते सरांनी मला सांगितलं होतं. बुचडे कुणी बांधले ते मी विचारलं नाही. तिनं स्पंजाचा तुकडा ओढून घेतला, सुई मोजून घेतली आणि टोचायला बसली.